निधी कमी झाला की अंगणवाडी बंद पडत नाही, आईची रोजी बुडते

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की आरोग्याचा आणि अंगणवाडीचा निधी कापला कापला असं आपण नेहमी ऐकतो, पण गावात उपकेंद्र उभं आहे, अंगणवाडीला कुलूप नाही, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत, मग रोजानं जाणाऱ्या घराला फटका बसतो तरी कुठं, आणि गाव म्हणून आम्ही काय करू शकतो? मी यवतमाळ जिल्ह्यात एकात्मिक बालविकासमध्ये पर्यवेक्षिका होते, कापसाच्या पट्ट्यातली गावं पण पाहिली आणि काही वर्षं कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, अंगणवाड्या पण माझ्याकडं होत्या, तर जे डोळ्यानं पाहिलं आणि जे कागदावरून हाताखालून गेलं त्यावरूनच सांगते, जरा लांबेल पण वाचा.

सगळ्यात आधी वेळेचं बघा, कारण याच्याकडं कोणी बघतच नाही. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की बायका सकाळी सात-साडेसातला घर सोडतात, गावातच काम असलं तर ठीक, नाहीतर ऑटोत कोंबून दुसऱ्या गावी, आणि परत येईपर्यंत दिवस मावळतो. अंगणवाडी चालते चारेक तास. म्हणजे मूल सकाळी नेऊन कोणी सोडायचं आणि दुपारी आणायचं कोणी? आणि हे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं झालं. सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या लेकराला अंगणवाडीत बसायची सोयच नाही, त्याला घरपोच आहाराचं पाकीट मिळतं आणि वजन घेतलं जातं, बस. आता गंमत नाही सांगत, कुपोषण नेमकं याच वयात धरतं. आईचं दूध कमी पडायला लागतं, वरचं अन्न दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं, आणि तेव्हाच आई दिवसभर दुसऱ्याच्या वावरात असते.

यासाठी पाळणाघराची योजना होती. राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून 2006 पासून चालायची, संस्था चालवायच्या आणि 90 टक्के पैसा सरकारचा असायचा. जानेवारी 2017 पासून ती बदलली, 60 टक्के केंद्र, 30 टक्के राज्य, 10 टक्के संस्था. ऐकायला साधा बदल वाटतो, पण राज्यानं आपला वाटा टाकल्याशिवाय केंद्राचा हलत नाही, संस्थांचे पैसे महिनोन्महिने अडकले आणि त्यांनी पाळणाघरं गुंडाळली. केंद्राच्या बजेटमध्ये 2017-18 ला या योजनेला 200 कोटी दाखवले होते, 2019-20 ला ते 50 कोटींवर आले. कुठंही पाळणाघरं बंद करा असा आदेश निघाला नाही, फक्त पैसा आटला. नंतर 2022 मध्ये पाळणा नावानं नवीन योजना आली, अंगणवाडीतच पाळणाघर, दिवसाला साडेसात तास, कल्पना चांगली आहे, मला मनापासून आवडली. पण उद्दिष्ट अख्ख्या देशात 17,000 चं आणि एकट्या महाराष्ट्रात अंगणवाड्या आहेत लाखाच्या वर. आपल्या तालुक्याच्या वाट्याला किती येणार तुम्हीच सांगा.

मग लेकरू जातं कुठं, तर एक तर आईबरोबर वावरात, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. वावरात म्हणजे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली असते, झोळीत वर्ष-सव्वा वर्षाचं पोरगं, शेजारी आठ-नऊ वर्षांची बहीण, तिच्या हातात पाच रुपयाचा बिस्किटचा पुडा आणि पाण्याची बाटली. ती बिस्किट पाण्यात भिजवून भरवते. रडलं की झोका देते. आई दोन तासांनी येऊन पाजून जाते, ते पण मुकादम ओरडला नाही तर, कारण वेचणी किलोवर असते, जितका वेळ लेकरापाशी तितका कापूस कमी. मी एकदा अशाच एका धुऱ्यावर पोराच्या दंडाला टेप लावला होता, 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला की लेकरू तीव्र कुपोषित धरतात, याचा लाल रंगातच होता. मी आईला म्हटलं, बाई, याला काही दिवस भरती करावं लागेल, आईनं पण सोबत राहायचं. ती म्हणाली, "मॅडम, मी थ्या दवाखान्यात बसली तं घरचे बाकीचे तीन काय खातीन? वेचनी का माह्यासाठी थांबून राह्यन?" तिच्यावर रागवायचं कसं. आणि हे सांगायलाच पाहिजे की त्याच शिवारात फवारणी पण चालते. 2017 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर मेले ते सगळ्या देशानं वाचलं, पण त्या वावराच्या धुऱ्यावर झोळीत झोपलेल्या लेकराचा विचार कोणत्याच चौकशीत मी ऐकला नाही.

थोरल्या बहिणीचं म्हणाल तर शाळेच्या हजेरीपटात दिसतं ते. सहावी-सातवीची पोरगी दिवाळीनंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर, मग संक्रांतीपर्यंत जवळजवळ गायब. गुरुजी म्हणतात पालकांना शिक्षणाची आवड नाही. अहो आवड आहे, पण घरात पाळणाघर चालवायला दुसरं कोणी नाही! सरकारच्या तिजोरीत जे पैसे वाचले ते या पोरीच्या सातवी-आठवीतून वाचले असं माझं स्पष्ट मत आहे. भंडारा-गोंदियाकडं हेच धानाच्या रोवणीत होतं आणि गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याला, हंगाम वेगळा, गोष्ट तीच.

आता ताटाचं. अंगणवाडीतल्या साध्या मुलामागं आहाराचा दर दिवसाला 8 रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेला साडेनऊ, तीव्र कुपोषित मुलाला 12. हे दर 2017 ला ठरले. त्याआधी 6, 7 आणि 9 होते. त्यात केंद्र आणि राज्य निम्मेनिम्मे. 2017 नंतर तेल, डाळ, गॅस कुठं गेलं ते तुम्हाला सांगायला नको, पण दर वर्षानुवर्षं तिथंच. याला कोणी कपात म्हणत नाही, कारण आकडा तर कमी झालाच नाही ना! पण 8 रुपयात 2017 ला जी उसळ व्हायची ती आता होत नाही, मग खिचडीत डाळ कमी होते, भाजी नावाला पडते, एक अंडं द्यायचं म्हटलं तर अख्खे आठ त्यातच गेले. शिजवणारा असतो महिला बचत गट. बिल तीन-चार महिने निघालं नाही तर गटाच्या बायका किराणा दुकानात उधारी करतात, मी तशी वही पाहिली आहे, पानंच्या पानं भरलेली, आणि दुकानदार शेवटी म्हणतो की मागचं द्या मग पुढचं घ्या. त्या आठवड्यात मुलांना मुरमुरे मिळतात. सकाळी चहा पिऊन आलेल्या मुलाचं ते पहिलं जेवण असतं हे लक्षात घ्या, मजुरी करणारी आई भाकर-चटणी करून जाते, ती पोरं कोरडी खात नाहीत.

सेविकेचं पण बघा. मानधनात केंद्राचा वाटा ऑक्टोबर 2018 ला सेविकेसाठी 3,000 चा 4,500 आणि मदतनीससाठी 1,500 चा 2,250 झाला, त्यानंतर वाढ झाली ती राज्यानं आपल्याकडून केली, आणि ती पण दर वेळी मोर्चे काढून. 4 डिसेंबर 2023 ला राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि संप मिटता मिटता जानेवारी संपत आला. बाकी लोकांसाठी ती पेपरातली बातमी होती. आमच्याकडं ते ऐन वेचणीचे दिवस, त्यामुळं जे चार तास तरी लेकरू सांभाळलं जायचं ते पण गेले. मी सेविकांना दोष देणार नाही, त्या स्वतः मजुराच्याच घरातल्या आहेत, मानधन थकलं की त्यांच्याच घरी गटाचा हप्ता चुकतो. मदतनीसची जागा रिकामी राहिली तर सेविका चुलीपाशी, मोबाईलमधल्या ॲपपाशी आणि मुलांपाशी एकाच वेळी कशी असणार? त्यात आता घरपोच आहारासाठी चेहरा स्कॅन करायचं आलंय, म्हणजे आईनं स्वतः यायचं, नेटवर्क नाही मिळालं की परत उद्या यायचं. कामावर जाणाऱ्या बाईचा अर्धा दिवस त्यात जातो, मग ती पाकीटच सोडून देते आणि कागदावर लाभार्थी कमी झाले असं दिसतं.

दवाखाना फुकट आहे हे तुमचं म्हणणं खरं आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालयात तपासणी-उपचार मोफत केले, चांगलाच निर्णय आहे. केसपेपरचे पैसे वाचले. पण केसपेपरमुळं कोणी कर्जबाजारी होत नव्हतं, होतात ते बाहेरच्या चिठ्ठीमुळं. औषध नाही, बाहेरून आणा. सोनोग्राफीला डॉक्टर आज नाहीत, मंगळवारी या. मंगळवारी आलं तर मशीन बंद. प्रत्येक फेरीला बाईची रोजी बुडते, आणि सोबत नवरा किंवा सासू आली तर दोघांची. शेतमजुरी अडीचशे-तीनशे धरा, ऑटोचं भाडं वेगळं, दोन फेऱ्यांत फुकटचा दवाखाना खाजगीपेक्षा महाग पडतो. म्हणून लोक सरळ तालुक्याला खाजगीत जातात, सलाईन लावतात, पैसे देतात. लोकांना अक्कल नाही म्हणून जात नाहीत, हिशोब केला म्हणून जातात.

मोठा हिशोब पण सांगते. देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले साधारण 39 टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरतात असं 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात आहे, आणि सरकारचा खर्च तेव्हा जीडीपीच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की 2025 पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेऊ. मधला जो फरक आहे ना तो कुठं हवेत जात नाही, तो बायकांच्या गळ्यातल्या डोरल्यातून आणि गटाच्या कर्जातून भरला जातो.

माणसांचं तर काय सांगू. ठरलेलं असं आहे की सपाट भागात 5,000 आणि आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, 30,000 ला आणि आदिवासी भागात 20,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. इमारती बऱ्यापैकी झाल्या. पण सिस्टर एक आणि चार्ज दोन उपकेंद्रांचा, असं झालं की लसीकरणाचा दिवस पुढं ढकलला जातो आणि तो पुढं गेला की आई परत कामावरून थांबणार नाही, लस राहून जाते. आरोग्य अभियानातले कितीतरी लोक कंत्राटी आहेत, पगार केंद्र-राज्याच्या 60-40 हिश्श्यातून येतो, हप्ता उशिरा आला की पगार थकतो, पगार थकला की चांगली माणसं सोडून जातात. मुलांच्या तपासणीची एक टीम असते, राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची, 2013 पासून, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला पाहिजे. आमच्याकडं एका सत्रात गाडीच नव्हती म्हणून टीम आली नाही. त्या गावातल्या एका चार वर्षांच्या पोरीला हृदयाला छिद्र होतं हे त्यामुळं वर्षभर उशिरा कळलं. तोपर्यंत घरचे तिला ताप-खोकल्यासाठी खाजगीत दाखवत होते आणि बैल विकून बसले होते. ऑपरेशन नंतर मोफतच झालं, पण बैल तर गेलेच.

बाळंतपणाचं वेगळंच. पगारी नोकरीतल्या बाईला 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवडे पगारी रजा, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराचा पण कायदा आहे. निंदण-वेचणी करणाऱ्या बाईला काय? अन्नसुरक्षा कायद्यात 2013 ला किमान 6,000 रुपये लिहिले होते, मातृवंदना योजना 2017 ला आली ती पहिल्या बाळाला 5,000 ची, ते पण हप्त्यांनी, आधार-बँक जुळलं तर. जननी सुरक्षाचे ग्रामीण भागात 700. यात सहा महिने घरी बसता येत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांचं बाळ सासूकडं टाकून बाई निंदायला जाते, अंगावरचं दूध तुटतं, बाळाला बाटली किंवा नुसतं पाणी-साखर, मग जुलाब, मग दवाखाना, मग कर्ज, मग कर्जाचा आठवड्याचा हप्ता आणि हप्त्यासाठी परत काम. हे सगळं एकमेकांत असं गुंतलेलं आहे की आरोग्याचा निधी आणि बालसंगोपनाचा निधी वेगळा मोजणारे लोक मला कधीच पटले नाहीत.

कोणी म्हणेल की आता लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 येतात ना. येतात, आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, त्याचा उपयोग होतो, मी विरोधात नाही. पण 1,500 म्हणजे पाच-सहा दिवसांची मजुरी. आणि मुद्दा असा की त्या पैशानं ती पाळणाघर विकत घेऊ शकत नाही, कारण गावात पाळणाघर कोणी विकतच नाही! भूल देणारा डॉक्टर पण बाजारात मिळत नाही. काही गोष्टी सगळ्यांनी मिळून उभ्या केल्या तरच असतात.

कपात दिसत का नाही हे पण सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. 2015-16 च्या केंद्रीय बजेटमध्ये आयसीडीएसची, म्हणजे एकात्मिक बालविकासची, तरतूद आदल्या वर्षीच्या 18 हजार कोटींवरून एकदम साडेआठ हजार कोटींच्या आत आणली होती. कारण दिलं की चौदाव्या वित्त आयोगानं राज्यांचा करातला हिस्सा 32 चा 42 टक्के केला आहे, आता राज्यांनी बघावं. ओरड झाली, वर्षाच्या मध्यात पैसे वाढवून दिले. ती उघड कपात होती म्हणून पेपरात आली. बाकीच्या कपाती येत नाहीत. बजेटला मोठा आकडा, सुधारित अंदाजात छोटा. जे आहे ते पण बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, यायला फेब्रुवारी-मार्च, आणि 31 मार्चच्या आत खर्च करा. मार्चमध्ये तुम्ही भिंती रंगवू शकता, वजनकाटे घेऊ शकता, ऑक्टोबर ते जानेवारीत ज्या लेकराला जेवण नाही मिळालं त्याला मार्चमध्ये मागच्या तारखेनं कसं जेवू घालणार? मी ऑफिसात बसून मार्चएंडची बिलं पाहिली आहेत आणि दर वर्षी हाच विचार मनात आलाय.

आणि पैसा नीट आला, माणूस वेळेवर पोचला तर काम होतं, हे आपल्या विदर्भानंच दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली, बालमृत्यू कमी झाल्याचं 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून तेच काम देशभर आशाताई करतात, बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर 42 दिवसांत सहा भेटी, त्याचे 250 रुपये. शेजारच्या छत्तीसगडमध्ये सरगुजात फुलवारी म्हणून मुलांच्या आयाच आळीपाळीनं पाड्यावर लहान मुलं सांभाळायच्या, सरकार आहाराचा खर्च द्यायचं. कर्नाटकनं रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांसाठी ग्रामपंचायतीत कूसिना मने नावानं पाळणाघरं काढली. आपल्या रोजगार हमीच्या नियमात पण होतंच की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायची मजुरी द्यायची, किती कामांवर दिली ते मजुरांना विचारा.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की गाव म्हणून आम्ही काय करू शकतो. वरचं धोरण एका गावानं बदलत नाही, पण गावात काही पैसा असतो जो मागितल्याशिवाय निघत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कुठं गेले विचारा, बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन नाहीतर खुर्च्या निघतात. पेसातलं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखालचं, गाव असेल तर 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. गावाच्या आरोग्य-पोषण समितीचं वेगळं खातं असतं, त्यात शेवटचे पैसे कधी आले ते बघा. माझ्या भागातल्या एका गावानं वेचणीच्या तीन महिन्यांसाठी या 10 टक्क्यांतून दोन म्हाताऱ्या बायकांना मानधन दिलं, अंगणवाडीच्याच खोलीत सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत लहान लेकरं ठेवली, दुपारचं जेवण अंगणवाडीचं आणि संध्याकाळी गटाकडून फुटाणे-गूळ. दोनच बायका होत्या, काही थाटमाट नाही, पण त्या हंगामात मोठ्या पोरी शाळेत होत्या आणि लेकरांची वजनं घसरली नाहीत. पुढच्या वर्षी सरपंच बदलले आणि ते थांबलं, म्हणून हे ठरावात आणि आराखड्यात लिहून घेतलेलं बरं, माणसावर सोडू नका.

आराखड्याची कामं दिवाळीच्या आसपास सुरू होतात, 26 जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत बहुतेक सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून त्याच्या आधी जा, आणि बायका कामावर असतात तेव्हा दुपारी सभा ठेवू नका म्हणा, संध्याकाळी ठेवायला लावा. जाताना गावातल्या सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांची यादी सेविकेकडून घ्या, आई कोणत्या महिन्यांत कामाला जाते ते प्रत्येक नावापुढं लिहा. हा कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (आधीच्या ग्रामसेवकाच्या) टेबलावर ठेवा आणि पोच घ्या.